डाव्या हातातली गिरणी

आमची पिठाची गिरणी आहे. गाव पुसदपासून एसटीनं पाऊण तासावर. गिरणीमुळे माझा आवाज मोठा झालाय. आयुष्यभर पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढला की माणूस कुजबुजतंसुद्धा ओरडून. म्हणून आधीच सांगते, पुढं कुठं मी भांडल्यासारखी वाटले तर तो स्वभाव समजा. राग कुणावर नाही. म्हणजे एकीवर आहे, पण ती येईल ओघात.

मला किडनीचा आजार आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार पुसदच्या डायलिसिस सेंटरला जाते, मशीन माझं रक्त धुऊन परत देते, मी घरी येऊन चार दळणं काढते. सेंटरमध्ये नवीन पेशंट आला की त्याच्याबरोबरची बाई भेदरलेल्या तोंडानं माझ्याशेजारी येऊन बसते अन् विचारते, "बाई, तुमी एवढ्या हासता कशा?" दर वेळी सगळं सांगणं होत नाही. मशीनवर असताना बोलून घसा सुकतो अन् पाणी तर मोजकंच प्यायचं असतं. म्हणून लिहून काढलं. औषधांची नावं अन् रिपोर्टचे आकडे यात नाहीत. ते डॉक्टरांना विचारा.

कळलं तो दिवस

आमच्याकडे बाई जाड झाली की म्हणतात, "मानवलं तुले." माझं तोंड सुजायला लागलं, पायावर चपलेच्या पट्ट्याचे वळ उमटायला लागले, अन् दळणाला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "शोभाबाई, अंग धरलं बाप्पा तुम्ही! काय खाऊन राह्यल्या?" मीही खूश. आरशात गाल पाहून घ्यायची. सूज आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही अन् त्यांच्याही नाही.

मग जेवण नकोसं झालं. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. गव्हाचा डबा उचलून ओतायचा तर धाप लागायची. गावातल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून उजव्या हातातून सलाईनवर सलाईन चढवली. त्या हाताच्या शिरा तेव्हाच खराब झाल्या, हे पुढं महागात पडणार होतं. शेवटी एका सकाळी मला उठताच येईना, तेव्हा आमच्या ह्यांनी गिरणीला कुलूप घातलं अन् मला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले अन् ह्यांना बाहेर बोलावलं. दाराआडून पुटपुट ऐकू यायला लागली. मी आतून ओरडले, "जे सांगाचं ते मले सांगा! किडनी माही हाये का त्याईची?" वॉर्डातली माणसं उठून बसली. डॉक्टर आत आले, खुर्ची ओढून बसले अन् त्यांनी सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात, आता डायलिसिस लागणार, अन् ते कायमचं.

खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर गिरणीत अर्धवट राहिलेली ज्वारी. कुणाची होती ती? त्यांना भाकरीला पीठ नसेल. रडू दोन दिवसांनी आलं, ते पण केस विंचरताना, कारण काही नव्हतं.

आमचे हे बोलणारे नाहीत. त्या दिवशी ते खाली गेले अन् शहाळं घेऊन आले. आजारी माणसाला शहाळं देतात एवढंच त्यांना ठाऊक. सिस्टर म्हणाली, "नारळपाणी अजिबात नाही, किडनीच्या पेशंटला विष आहे ते." हे शहाळं हातात धरून दारात उभे राहिले. ते ठेवावं कुठं, द्यावं कुणाला, काही सुचेना त्यांना. त्यांचा तो चेहरा मी अजून विसरले नाही.

किडनी द्यायची म्हटलं तर ह्यांना शुगर. लेक पल्लवी तयार होती, तिला मीच गप्प केलं. माझी सासू, आम्ही तिला आत्याबाई म्हणतो, सत्तरी ओलांडलेली, ती डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली: "माही घ्या. माह्या दोनी चांगल्या हायेत, मी कधी दवाखान्याची पायरी चढली नाही." डॉक्टर हसले. ती रागावली. तिला वाटलं, आपल्या मालाला नावं ठेवली.

हात

सुरुवातीला माझ्या गळ्याच्या बाजूला नळी घातली होती. तिथूनच रक्त काढायचं अन् परत द्यायचं. नळी गळ्याशी लोंबकळत राहायची. अंघोळीची चोरी, मान वळवायची चोरी, अन् ताप आला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. पल्लवीच्या साखरपुड्याच्या फोटोत मी गळ्याभोवती पदर गुंडाळून बसलेय, जशी काही मला एकटीलाच थंडी वाजतेय.

मग नांदेडच्या सर्जननं डाव्या मनगटाशी दोन नसा एकमेकींना जोडल्या. त्याला फिस्टुला म्हणतात. काही आठवड्यांनी हातावरची शीर फुगून दोरीसारखी जाड झाली. बोट ठेवलं की आत थरथर लागते, रात्रंदिवस. ती थरथर आहे तोवर हात चालू. थांबली तर हात गेला. उजव्या हाताच्या शिरा सलाईननं गेलेल्या, म्हणजे माझ्याकडं हा एकच हात होता. तो गेला की परत गळ्यात नळी.

पहिल्यांदा आत्याबाईंनी त्यावर बोट ठेवलं अन् चटका बसल्यासारखं मागं घेतलं. "वो माय! हे तं गिरणी चालून राह्यली आतमंदी!" तेव्हापासून घरात त्या हाताला गिरणीच म्हणतात.

त्या हाताचे नियम: ओझं उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, बीपीचा पट्टा नाही, डायलिसिसची सोडून दुसरी सुई नाही, घट्ट काही घालायचं नाही. घड्याळ नाही, बांगडी नाही. अन् सकाळी डोळा उघडला की पहिलं बोट ठेवून पाहायचं. मी पाहायची, ओरडून सांगायची, "चालू हाये!" अन् मग चुलीकडं आत्याबाईंची भांडी वाजायला लागायची.

उजव्या हातात बांगड्या अन् डावा मोकळा, अशी मी गावात हिंडायची. मला लाज नव्हती. पण कुणी पाहुणी आली की आत्याबाई येता जाता माझा पदर ओढून त्या हातावर टाकायच्या. मला वाटायचं, म्हातारीला लोकांची पडलीय.

पुसदचं सेंटर

तालुक्याच्या गावातलं सेंटर म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली. ह्यांची चुलत बहीण आहे नेरला, आमच्या नणंदबाई. राग आहे म्हटलं ती हीच. तिनं फोन करून सांगितलं, "वयनी, तिथं कायले जीव टांगून राह्यल्या? नागपूरले खोली करून राहा." खोली करून राहा! अन् गिरणी कोण चालवील, पोरीच्या लग्नाचं कोण पाहील?

सेंटर काही स्वर्ग नाही. बाथरूमची कडी अजून बसत नाही, एकानं बाहेर उभं राहावं लागतं. उन्हाळ्यात एक पंखा असा खडखडतो की मला आमच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. पण तिथं वंदना सिस्टर आहे. तुम्ही दारातून आत पाऊल टाकलं की ती "या, बसा" म्हणत नाही. म्हणते, "हात." आधी तुमचा हात हातात घेते, बोट ठेवते, मान हलवते, अन् मग वजनकाट्याकडं पाठवते. घाई असो, गर्दी असो, तिचं हे चुकलं नाही. मला पहिल्यांदा फार उर्मट वाटली होती. मी म्हणाले पण, "बाई, रामराम तरी घाल." ती म्हणाली, "काकू, तुमचा हात बोलला की रामराम झाला."

मशीनवाला नईम आहे, पुसदचाच. सुया तो घालतो. सुई घालताना तो नेहमी काहीतरी विचारतो, तेही अर्धंच. "काकू, परवा तुमची ती म्हैस..." अन् आपण म्हशीचं सांगायला लागेपर्यंत सुई आत. मला ही युक्ती कळायला पुष्कळ दिवस लागले. कळल्यावरही मी म्हशीचं सांगतेच.

एकदा पाण्याच्या प्लांटमध्ये काहीतरी बिघडलं. मशीनला लागणारं शुद्ध पाणी बरोबर येईना. सिस्टर दारात उभी राहून म्हणाली, "आज मी कुणालाच मशीनवर घेणार नाही. हे पाणी मी माझ्या आईला दिलं नसतं." आम्ही लांबून लांबून आलेलो. फार भांडलो. सगळ्यात मोठ्यानं मी. तिनं सगळं ऐकून घेतलं, पण मशीन चालू केलं नाही. संध्याकाळी प्लांट दुरुस्त झाल्यावर एकेकाला फोन करून बोलावलं अन् जेवायला घरी न जाता सगळ्यांचं केलं. त्या दिवशी मी ह्यांना म्हणाले, "मी कुठं जात नाही. इथंच."

माझ्या शेजारच्या बेडवर नूर चाचा असतात. पुसदला त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान, आता मुलगा पाहतो. त्यांना तहान फार. डॉक्टरांनी पाणी कमी केलं तेव्हा ते म्हणाले होते, "जिंदगीभर लोगों की गाडियों में पानी डाला, अब मेरेच रेडिएटर में मनाई!" बर्फाचा खडा तोंडात धरून चघळायचा, पाण्यापेक्षा जास्त पुरतो, हे मला त्यांनीच शिकवलं. तुम्हालाही सांगते, करून पाहा. डॉक्टरांनी सांगितलेल्या पाण्यातच तो मोजायचा, त्यात लबाडी नको.

मुहूर्त

साखरपुडा होऊन गेलेला, आता पल्लवीच्या लग्नाची तारीख धरायची होती. पोरगी म्हणाली, "आई, तुले बरं वाटल्यावर करू." मी म्हणाले, "येडी हायेस का? मले असंच वाटत राहणार हाये. कर."

मला एकच गोष्ट हवी होती. लेकीच्या लग्नात मांडवात उभं राहायचं, गळ्यात नळी नसताना. साखरपुड्याच्या फोटोसारखं गुंडाळून नाही. नीट काठपदर, मोकळा गळा, अन् पाहुण्यांना या बसा म्हणायला पायात बळ. एवढंच.

म्हणून मुहूर्त महाराजांनी काढला, पण पास केला वंदना सिस्टरनं. तिनं कॅलेंडर पाहून सांगितलं, "रविवार घ्या. शुक्रवारी मी तुम्हाला स्वच्छ धुऊन पाठवते." महाराजांनी पंचांग परत चाळलं अन् रविवारी चांगला योग आहे म्हणाले.

गुरुवारी घरी बांगड्या भरायला कासारीण आली. लग्नघर म्हटल्यावर हे होतंच. ओसरीत बाया बसल्या, हिरव्या चुड्याचे गुच्छ उघडले. पल्लवीचे हात भरले, मग माझी पाळी आली. मी उजवा हात पुढं केला. तो भरून झाल्यावर उठायला लागले तर नेरच्या नणंदबाई म्हणाल्या, "अवो वयनी, नवरीची माय ना तुमी? एक हात रिकामा घेऊन मांडवात उभ्या राहान का?"

बाया माझ्या हाताकडं पाहायला लागल्या. मी काहीतरी टोला हाणणारच होते, पण माझं लक्ष आत्याबाईंकडं गेलं. त्यांनी हातातलं सुपारीचं ताट खाली ठेवलं होतं. त्या माझ्याकडं पाहून हळूच म्हणाल्या, "शोभे, दोन दिवसाची गोष्ट हाये. लगन झालं का काढून टाक. माह्यासाठी भर."

आत्याबाईंनी मला आजवर कधी "माह्यासाठी" म्हणून काही मागितलं नव्हतं. ही बाई तरुणपणी विधवा झाली, मांडीवर पोरगा असताना. गिरणी तिनंच टाकली, पट्टा तिनंच चढवला. मी डावा हात पुढं केला.

"ढिल्या भर वो," मी कासारिणीला म्हणाले. ती म्हणाली, "ढिल्या भरल्या तं कामात वाढतीन बाई. लग्नघरात बांगडी वाढनं चांगलं नाही." आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटणं म्हणजे काय हे सांगायला नको. तिनं मापाच्या भरल्या. खरं तर मनगटावर त्या काही टोचत नव्हत्या. मी म्हटलं, जाऊ दे, दोन दिवस.

चूक पुढं झाली. दुपारी करंज्यांची कणीक तिंबायला घेतली. कणीक तिंबताना बाई काय करते? बांगड्या वर सारते. उजव्या सारल्या, डाव्या सारल्या. जन्माची सवय, हात आपोआप करतो. डाव्या हाताच्या बांगड्या त्या फुगलेल्या शिरेवर जाऊन घट्ट बसल्या. तशीच तिंबत राहिले, तशीच करंज्या लाटत राहिले, मग थकले म्हणून पोत्याला टेकून तशीच पडले अन् झोप लागली. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. बांगड्या खाली ओढल्या. हातावर वळ होते. चोळले अन् कामाला लागले.

शुक्रवारी सकाळी बोट ठेवून पाहिलं नाही. घरात पाहुणे दाटलेले, बाथरूमला रांग, एसटीची वेळ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं नाही. मुंजा बसला होता माझ्या डोक्यावर, दुसरं काय!

शुक्रवार

हे मांडववाल्याच्या मागं होते, म्हणून माझ्याबरोबर आत्याबाई आल्या. दारातून आत गेले. सिस्टर म्हणाली, "हात." मी हसत पदर मागं सारून हिरवा चुडा दाखवला. "पाहा, नवरीची माय!"

ती हसली नाही. बोट ठेवलं. जागा बदलून ठेवलं. मग नईमला हाक मारली. नईमनं स्टेथोस्कोप हातावर लावून ऐकलं, डोळे मिटून ऐकलं.  नईमनं म्हशीचं काही विचारलं नाही, तेव्हा मला कळलं.

मी स्वतः बोट ठेवलं. पट्टा सुटल्यावर चाक जसं नुसतं सरकत राहतं, तेवढंच काहीतरी लागत होतं. कदाचित तेही नव्हतं, माझं मनच सांगत असेल.

"गुठळी धरली," सिस्टर म्हणाली. ती लपवत नाही, हे मला तिचं आवडतं अन् त्या क्षणी अजिबात आवडलं नाही. "काकू, आत्ताच्या आत्ता नांदेडला जायचं. आज उघडली तर हात वाचेल. उद्यावर टाकलं तर सांगता येत नाही. आधी या बांगड्या काढते."

साबण लावला, तेल लावलं. हात सुजला होता, एकही उतरेना. सिस्टरनं चिमटा हातात घेतला अन् आत्याबाई मधे आल्या. "नाही! लेकीचं लगन हाये परवा. सवासनीच्या हातातल्या फोडू नोको. मी हात जोडतो पोरी, फोडू नोको."

सत्तरीची बाई तिच्यापुढं खरंच हात जोडून उभी होती. मीही रडायला लागले. मला नळीची भीती वाटत होती अन् बांगड्यांचीही वाटत होती, खोटं कशाला सांगू? ह्यांचा शहाळं धरलेला चेहरा डोळ्यापुढं आला.

नूर चाचा मशीनवरून म्हणाले, "अम्मा, चूडी मेले में मिल जाती. हात किस मेले में मिलता?"

सिस्टर चिडली नाही. तिनं आत्याबाईंना स्टुलावर बसवलं. म्हणाली, "आजी, मी फोडत नाही, वाढवते. एक पण तुकडा खाली पडू देणार नाही. तुम्ही पाहत बसा." तिनं बांगडी अन् कातडीच्या मधे कापूस सारला, वरून पट्टीचं कापड गुंडाळलं, अन् आतल्या आत चिमट्यानं दाबली. कट्. हळूच काढून ट्रेमध्ये ठेवली. मग दुसरी. प्रत्येक वेळी तोच कापूस, तेच गुंडाळणं. बाहेर पेशंट खोळंबलेले, आत मला नांदेडला निघायची घाई, अन् ही बाई माझी एकेक बांगडी वाढवत होती. खरचटलंसुद्धा नाही. शेवटी सगळे तुकडे कापडात बांधून तिनं आत्याबाईंच्या हातात दिले. "तुळशीत ठेवा आजी. इथल्या कचऱ्यात नाही टाकत मी हे."

तोवर नईमनं नांदेडच्या सर्जनला फोन लावला होता. चाचांनी मुलाला फोन करून दुकानातली जीप मागवली. त्यांच्या दोन्ही सुया हातात, मशीन चालू, अन् मुलाला दटावत होते, "ब्रेक देख के निकल! बाराती बैठने वाले हैं!" मला त्या अवस्थेतही हसू आलं.

जीपमध्ये

जीप पुसदच्या घाटाला लागली. आत्याबाई मुद्दाम माझ्या उजव्या बाजूला बसल्या होत्या, डाव्या हाताला चुकून धक्का लागू नये म्हणून. तुकड्यांची पुरचुंडी मुठीत. मी फार चिडले होते. तोंडातून काही वाईट जाईल म्हणून खिडकीबाहेर पाहत होते.

मग त्या म्हणाल्या, "शोभे, माह्ये हात तुह्यापेक्षा कितीतरी लहानपनी रिकामे झाले. तुहा नवरा मांडीवर होता. बायाईनं बसवून फोडल्या. कोनी कापूस लावला नाही. रगत निंघालतं." त्यांनी आपली मनगटं पालथी केली. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांच्या मनगटावरचे ते पांढरे व्रण कधी नीट पाहिले नव्हते. "तुहा तो मोकळा हात पाह्यला का मले भेव वाटते. वाटते, हे कोनाच्या डोयात भरलं तं माह्या लेकाले काही होईन. म्हून झाकत होती. म्हून भराले लावल्या. म्या तुह्याच जिवावर उठली वो माय."

 राग होता, तो एका क्षणात गेला असं नाही. पण तो आता कुणावर काढावा तेच समजेना. मी म्हणाले, "आत्याबाई, रडू नोका. तुमी रडल्या का माह्यं बीपी वाढते, अन् मंग तो सर्जन मलेच बोलीन."

त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "बोलू तं दे. मी पाह्यतो त्याच्याकडं."

नांदेडला सर्जननं जागा बधिर करून मनगट उघडलं. मी जागीच होते. पडद्याआड काय चाललंय दिसत नव्हतं. फक्त छताकडं पाहत होते अन् ज्या देवांची नावं आठवली ती घेत होते. शेवटी सर्जन म्हणाले, "आता पाहा." त्यांनी माझा उजवा हात धरून डाव्यावर ठेवला.

घर्रर्र. बाप्पा! पट्टा चढला होता.

सर्जन म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर जमलं नसतं. अन् विचारलं, लगेच ओळखलं कुणी? मी सांगितलं, पुसदच्या सिस्टरनं, नुसतं बोट ठेवून. बाहेर आत्याबाई बाकावर बसल्या होत्या. मी हात पुढं केला, "पाहा, चालू हाये." त्यांनी मान हलवली, पण हात लावला नाही. "नोको. माहा हात नोको लागू देऊ त्याले," म्हणाल्या.

शुक्रवारचं डायलिसिस हुकलं होतं. शनिवारी मशीनं भरलेली. सिस्टरची सुट्टी होती, तरी ती अन् नईम शेवटची पाळी संपल्यावर माझ्या एकटीसाठी थांबले. पट्टीच्या वर, जुन्या जागेपासून लांब, नईमनं अगदी जपून सुई घातली. घरी त्याच वेळेला पल्लवीची हळद चालू होती. ती मी मोबाईलवर पाहिली. सिस्टरनं फोन माझ्यापुढं धरला होता, अन् पोरीच्या गालाला हळद लागली तशी ती स्वतःच रडायला लागली. फोन हलायला लागला. मी म्हणाले, "नीट धर वो! माही पोरगी दिसत नाही." पोरीची हळद मी हातानं लावली नाही, हे मनात राहिलंच. ते कशानं भरून निघत नाही अन् निघालं असं मी म्हणणारही नाही.

मांडव

रविवारी मी मांडवात उभी होते. काठपदर नेसून. गळा मोकळा. उजव्या हातात हिरवा चुडा, डाव्या मनगटावर पांढरी पट्टी अन् बाकी हात रिकामा. या बसा, या बसा करून माझा आवाज बसला, माझा आवाज!

सिस्टर, नईम, चाचा तिघंही आले होते. चाचा जेवायला बसले तेव्हा सिस्टर त्यांच्या ताटावर पहारा करत होती, वरणाची दुसरी वाटी तिनं वाढू दिली नाही.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी बायांच्या घोळक्यात नेरच्या नणंदबाई म्हणाल्याच. हळू म्हणाल्या, पण मला ऐकू येईल एवढं. "भरल्या होत्या ना गुरुवारी? अन् आज लेकीच्या लग्नात हात रिकामा?"

मी तोंड उघडणार तोच आत्याबाई मागून पुढं आल्या. त्यांनी नणंदबाईंचा हात मनगटाला धरला. म्हातारीच्या बोटांत पट्टा ओढायची ताकद अजून आहे. त्यांनी तो हात आणून माझ्या डाव्या हातावर, पट्टीच्या वर ठेवला, अन् त्यावर आपला हात दाबून धरला. नांदेडपासून त्यांनी त्या हाताला स्पर्श केला नव्हता.

"रिकामा कोन म्हन्ते?" आत्याबाई म्हणाल्या. "पाह्य. नीट पाह्य. भरला हाये तो."

नणंदबाईंनी हात मागं घेतला. आत्याबाईंनी नाही घेतला. अक्षता हातात दिल्या तर त्यांनी त्या उजव्या हातात घेतल्या, अन् सगळी मंगलाष्टकं होईस्तोवर त्यांचा डावा हात माझ्या हातावर तसाच होता.